एक विचारायचं होतं डॉट कॉम

आम्ही नावं विकतो. बाळांची नव्हे, वेबसाइटची. इंटरनेटवर दुकान थाटायचं तर आधी त्याला नाव लागतं. ते आमच्याकडे नोंदवायचं, वर्षाची फी भरायची, झालं. मालक माझे सख्खे काका. फोन घेतो तो हॅलोदादा. उरले मी. नाव कोणाला द्यायचं नाही हे बघणं माझं काम, म्हणून ऑफिसात मला चाळणी म्हणतात.

काही देशांवर व्यापारबंदी आहे. तिथे बसलेल्या माणसाला टाचणी विकायची नाही, तसं नावही विकायचं नाही. विकलं तर आमचाच परवाना जायचा. म्हणून तिथून कोणी आमच्याकडचं खातं उघडलं, की यंत्रणा आपणहून त्याच्या नावाला कुलूप घालते. माणूस लबाड आहे की चुकून तिथे पोचलाय, हे तिला काय कळणार? सुक्याबरोबर ओलंही जळतं. त्यातलं ओलं वेगळं काढायचं ते काकांनी आणि मी, दोघांच्या सहीने.

त्या दिवशी सकाळी असंच एक कुलूप पडलं. नाव होतं ‘एक विचारायचं होतं डॉट कॉम’. खातं कोणाचं ते वाचलं आणि माझा चहा कपातच राहिला.

खातं बोटवाल्याचं होतं. तो मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहे. आमची तीन वर्षांची ओळख, त्यातली बरीचशी लेखी. फोनवर ‘जेवलीस का’ याच्या पुढे त्याची गाडी सरकत नाही, पण लिहायला बसला की थांबत नाही. पंप, वंगण, समुद्र आणि अधूनमधून माझे केस. मला हाच माणूस हवा होता. हे माझं घरात सगळ्यांना सांगून झालं होतं, त्याला सोडून. काकू कंटाळली आणि रविवारी तिने एका दातांच्या डॉक्टरला चहाला बोलावून ठेवलं.

जहाजाचा पंप बिघडला म्हणून ते जवळच्या बंदराला लागलं होतं, आणि ते बंदर नेमकं बंदीतल्या देशात. तिथे उतरल्या उतरल्या या शहाण्याने आपली वेबसाइट सुरू करायला घेतली. मी ज्या कामाचा पगार घेते ते याला तीन वर्षं ऐकवतेय, तरी. संध्याकाळी जहाज सुटणार, मग कित्येक आठवडे रेंज नाही.

कुलूप काढायचं तर ग्राहकाला व्हिडिओवर बोलवायचं, रेकॉर्डिंग लावायचं आणि आम्ही दोघांनी समोर बसून ठरलेले प्रश्न विचारायचे. त्यातला पहिला प्रश्न आमचा आम्हालाच असतो, आणि तो माझ्यामुळे आला. मागे काकांच्या मेव्हण्याचं नाव अडकलं होतं. काका म्हणाले, “सोड गं, घरचाच आहे.” मी सोडलं नाही. उलट नवा नियम केला, की नातेवाइकाच्या कुलपाला हात लावायचा नाही. कोणी पळवाट काढू नये म्हणून ‘होणाऱ्या नातेवाइकाच्यासुद्धा’ असंही पुढे ठोकून दिलं. सह्या करणारे आम्ही दोघंच, त्यामुळे एक बाजूला झाला की कुलूप तसंच राहतं. काकू महिनाभर माझ्याशी बोलत नव्हती.

“ग्राहक तुझा कोण लागतो?” काकांनी नियमाप्रमाणे विचारलं.

“कोणी नाही,” मी म्हणाले. ते अगदी खरं होतं, आणि मला त्याचा फार राग आला होता.

पडद्यावर बोटवाला आला. गालाला ग्रीस, मागे इंजिनाची धडधड. मला बघून त्याने केस सारखे केले, तर कपाळालाही ग्रीस लागलं.

“तुम्ही त्या देशात राहता का?” मी विचारलं. रेकॉर्डिंगवर सगळ्यांना अहोजाहो करावं लागतं.

“नाही. पंप बिघडलाय.”

“तिथल्या कोणाला या वेबसाइटचा फायदा होणार आहे?”

“नाही. झालाच तर मला होईल.”

“वेबसाइट कशासाठी?”

तो फडक्याने एकेक बोट पुसायला लागला. बाहेर फोन वाजत होता आणि हॅलोदादा तो न घेता आमच्या दारात उभा होता. असं आजवर कधी झालं नव्हतं.

“पानावर लिहिलंय सगळं,” बोटवाला शेवटी म्हणाला.

“पानाला कुलूप आहे,” काका म्हणाले. “तोंडी सांगा. आमच्या चाळणीचा नियम आहे.”

“लग्नासाठी.”

“कोणाच्या?”

“माझ्या.”

“कोणाशी?” काका आता मजेत आले होते. हा प्रश्न यादीत कुठेच नाही.

“ज्या प्रश्न विचारतायत त्यांच्याशी.”

हॅलोदादाने दाराची चौकट धरली. मला आतून इतक्या गुदगुल्या होत होत्या की खुर्चीत धड बसवेना. पण यादीतला एक प्रश्न उरला होता आणि मी तो सोडणारी नव्हे.

“नाव किती वर्षं ठेवायचा विचार आहे?”

“किती मिळतात?”

“एका वेळी जास्तीत जास्त दहा.”

“मग दर दहा वर्षांनी येत जाईन.”

काकांनी सही ठोकली आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. माणूस बंदीतल्या देशाचा नाही, व्यापार नाही, सगळं नियमात बसत होतं.

“कुलूप काढ ना,” बोटवाला अहोजाहो विसरून म्हणाला. “सहा महिने बनवतोय ते. आधी बघ, मग काय ते सांग. मला तोंडाने नाही जमत.”

ते पान बघायला माझा जीव तीळतीळ तुटत होता. सहा महिन्यांत या माणसाने काय काय लिहिलं असेल! पण सही करायची म्हणजे हा माझा कोणी लागत नाही, असं माझ्या हाताने पक्कं करायचं. मी पेन उचललं आणि मला हसू फुटलं. ते काही केल्या आवरेना.

“मला सही करता येणार नाही,” मी म्हणाले.

“का? सगळं बरोबर तर आहे,” काका म्हणाले.

“सगळं बरोबर आहे. पण ग्राहक नातेवाईक आहे. होणारा.”

 काका चष्मा काढून डोळे पुसत म्हणाले, “आपलेच दात, आपलेच ओठ. थांब, काकूला फोन करतो. त्या डॉक्टरला रविवारचं नको म्हणून सांगू दे.”

पडद्यावरच्या माणसाला मात्र अजून उमगलं नव्हतं. “म्हणजे पान उघडणार नाही?”

“नाही. माझ्यामुळे तर कधीच नाही,” मी म्हणाले. “लिहिलेलं तुझ्याकडे असेलच, तूच वाचून दाखव.”

“सगळ्यांसमोर?”

“सगळ्यांसमोर. जहाज सुटायला वेळ आहे.”

त्याने दारातल्या हॅलोदादाकडे पाहिलं, फोन कानाला लावून बसलेल्या काकांकडे पाहिलं. मग, ज्याला ‘जेवलीस का’च्या पुढे बोलता येत नव्हतं तो माणूस, इंजिनाच्या वर आवाज काढून, पहिल्या ओळीपासून वाचायला लागला.