स्मरणिकेचं सदतिसावं पान

नोटीस आली तेव्हा शिवलीला तिसऱ्या मागावर तुटलेला धागा जोडत होती. पोस्टमनच्या कागदावर सही करून तिनं लिफाफा फोडला, उभ्या उभ्याच दोनदा वाचला आणि कारागिराला माग बंद करायला सांगितला. तिच्या शेडमध्ये सहा यंत्रमाग होते. तिचे वडील मडिवाळप्पा, घरातले अप्पा, अक्कलकोटच्या बाजूच्या एका खेड्यातून सोलापुरात आले आणि दोन मागांवर त्यांनी चादरी विणायला सुरुवात केली, त्याला पन्नास वर्षं होत आली होती. आता ते चौऱ्याऐंशीचे. कारखाना एकटी शिवलीला बघायची.

नोटीस शहरातल्या एका मोठ्या व्यापाऱ्याच्या वकिलाची होती. तुमच्या चादरीवरची जोंधळ्याच्या कणसांची आणि पक्ष्यांची नक्षी हे आमच्या अशिलाचं नोंदणी केलेलं डिझाइन आहे. पंधरा दिवसांत विणणं आणि विकणं थांबवा, नाही तर कोर्टात खेचू, असा मजकूर.

शिवलीलाला आधी हसूच आलं. तिरक्या ओळींत कणसं आणि दर तिसऱ्या कणसावर बसलेला एक पक्षी, ही नक्षी ती शाळेत जात होती तेव्हापासून त्यांच्याच मागावर निघत होती. नव्या पेठेतली गिऱ्हाइकं दुकानात 'कणसाची चादर द्या' म्हणून मागायची. ती नक्षी अप्पांनी स्वतः काढली, हे पै-पाहुण्यांना सांगायची घरात पद्धतच होती.

चन्नप्पा वकील नात्यातले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून नोटीस वाचली.

"काका, अप्पांनी काढलेली नक्षी आहे. सगळ्या सोलापूरला माहीत आहे."

"सोलापूरला माहीत असून भागत नाही, शिवा. कागद लागतो. त्यांनी नोंदणी केली त्या तारखेच्या आधी ही नक्षी कुठं तरी छापून आली होती, असं दाखव. मग ती नोंदणीच टिकत नाही. कुठंही चालेल, कुणीही छापलेली चालेल. पण तारीख हवी."

घरात कागद काही उरला नव्हता. जुन्या शेडमध्ये वाळवी लागली तेव्हा नमुन्यांच्या वह्या, नक्षीसाठी मागाला लावायचे जकार्डाचे भोकं पाडलेले पुठ्ठे, सगळं टाकून दिलं होतं. शिवलीलानं दोन रात्री मोबाइलवर शोधलं. कणसाची चादर लिहिलं की चादरींच्या जाहिरातीच येत होत्या, आणि त्यातली निम्मी चित्रं त्या व्यापाऱ्याचीच होती.

शेवटी एका सकाळी ती वाचनालयात गेली. शाळेत असताना निबंधासाठी गेली होती, त्यानंतर आताच. संदर्भ विभाग वरच्या मजल्यावर होता. खिडकीशी तीन संगणक, एका लांब टेबलावर स्पर्धा परीक्षेची पोरं माना खाली घालून बसलेली, आणि कोपऱ्यातल्या टेबलामागे तिशीची एक बाई जुन्या पुस्तकाच्या पुठ्ठ्याला डिंक लावत होती. टेबलावर पाटी होती : प्रियदर्शनी हाके, सहायक ग्रंथपाल.

"मॅडम, मला जुन्या चादरींवरचं पुस्तक पाहिजे."

"पुस्तक देते, पण आधी सांगा, ताई, तुम्हाला शोधायचं काय आहे?"

शिवलीलानं नोटीस पुढं केली. प्रियदर्शनीनं हात पुसून ती शांतपणे वाचली. "म्हणजे तुम्हाला पुस्तक नको. तारीख पाहिजे. चला, आधी त्यांची तारीख बघू."

नोटिशीत नोंदणीचा क्रमांक होता. प्रियदर्शनीनं सरकारी डिझाइन कार्यालयाची वेबसाइट उघडली, शिवलीलाला खुर्चीत बसवलं आणि क्रमांक तिलाच टाकायला लावला. "उद्या घरून पण बघता आलं पाहिजे," ती म्हणाली. पडद्यावर नाव, वर्ग आणि तारीख आली. सन दोन हजार एकोणीस, मार्च. खाली चित्र. कणसं तीच, पक्षी तोच, ओळींचा तिरकेपणासुद्धा तोच.

"आता आपल्याला एकोणीसच्या मार्चआधीचं काहीही चालेल," प्रियदर्शनी म्हणाली. "पण जेवढं जुनं तेवढं बरं. तुमची चादर पहिल्यांदा कधी विणली?"

"ऐंशी-एक्याऐंशी. मी दुसरीत होते."

तीन दिवस शिवलीलानं ऐंशी ते त्र्याऐंशीच्या स्थानिक वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली चाळल्या. दुपारी माग कारागिरांवर सोडून यायची आणि विभाग बंद होईपर्यंत बसायची. पानं पिवळी पडली होती, जोरात उलटली की कडा तुटायच्या. गिरण्यांचे संप, सिनेमांच्या जाहिराती, पाण्याच्या पाळ्या, वधू पाहिजे. चादरींच्या जाहिराती होत्या, पण त्यांत चादरीचं चित्र म्हणजे नुसती घडी. तिसऱ्या दिवशी तिचे डोळे चुरचुरायला लागले. पंधरातले सात दिवस गेले होते.

"तुमच्या वडिलांना विचारा," प्रियदर्शनी म्हणाली, "की ही चादर कुणाला दाखवायला नेली होती का? बक्षीस, प्रदर्शन, पाहुणा, मंत्री, काहीही. अशा वेळी काही ना काही छापलं जातं."

अप्पा ओसरीत खुर्चीवर बसून असायचे. बापलेक घरात कानडीतच बोलत, आणि अप्पा तिला लाडानं अव्वा, म्हणजे आई, म्हणत. शिवलीलानं विचारल्यावर ते खुर्चीत जरा सावरून बसले. मग म्हणाले, "प्रदर्शन होतं की. यंत्रमागवाल्यांचं. फोटोवाला आला होता." पुढं काही आठवत नाही म्हणाले आणि पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी प्रियदर्शनीनं ऑनलाइन शोध सुरू केला. जुनी मराठी मासिकं स्कॅन करून ठेवलेला एक संग्रह होता, त्यात शब्द टाकून शोधता यायचं. 'चादर' टाकल्यावर कविताच निघाल्या. 'कणीस' टाकल्यावर शेतीचे लेख. शिवलीला निराश होऊन मागं टेकली.

"त्या काळचे लोक काय शब्द लिहीत असतील ते बघू," प्रियदर्शनी म्हणाली आणि तिनं एकेक शब्द बदलत नेला. डिझाइनच्या जागी 'नमुना', मग 'वीण', मग 'यंत्रमाग प्रदर्शन'. शेवटच्याला एका उद्योगविषयक मासिकाचं बेचाळीस वर्षांपूर्वीचं पान उघडलं. लेखात नक्षीबद्दल काही नव्हतं, पण तळटीप होती : सोलापूर यंत्रमाग प्रदर्शन, स्मरणिका, १९८२.

"स्मरणिका आहे तर!" शिवलीला जवळजवळ ओरडली. परीक्षेच्या पोरांनी माना वर केल्या.

वाचनालयाच्या संगणकातल्या यादीत ती स्मरणिका नव्हती. "स्मरणिकांची नोंद पूर्वी कुणी नीट करतच नव्हतं," प्रियदर्शनी म्हणाली. "देणगीत आलेले गठ्ठे तसेच मागच्या कपाटात आहेत." दोघींनी मिळून कपाट उपसलं. शाळांच्या, गणेश मंडळांच्या, पतसंस्थांच्या स्मरणिका निघत राहिल्या. दुपारी तीनच्या सुमारास प्रियदर्शनीनं निळ्या पुठ्ठ्याची १९८२ची पातळ स्मरणिका वर काढली, धूळ झटकली आणि शिवलीलाच्या हातात दिली.

सदतिसाव्या पानावर काळापांढरा फोटो होता. दोन काठ्यांवर ताणून धरलेली चादर. कणसं, आणि कणसांवर पक्षी. शिवलीलानं पान खिडकीच्या उजेडाकडं वळवलं. मग तिनं फोटोखालच्या ओळी वाचल्या.

'उत्तेजनार्थ पारितोषिक. कारखानदार : मडिवाळप्पा. नक्षी : बाळाबाई कोंडीबा लवटे, कांडीवाली.'

तिनं ते पुन्हा वाचलं. कांडीवाली म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरणारी बाई. कारखान्यातलं सगळ्यात कमी मानाचं काम.

"तारीख मिळाली, ताई," प्रियदर्शनी म्हणाली. मग तिनं शिवलीलाच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि पाण्याची बाटली पुढं सरकवली.

त्या संध्याकाळी शिवलीला अप्पांसमोर पाटावर बसली. पानाची झेरॉक्स तिनं त्यांच्या मांडीवर ठेवली आणि खालच्या ओळी वाचून दाखवल्या.

"अप्पा, बाळाबाई कोण?"

त्यांनी कागदावरून हात फिरवला. "हौदु," ते म्हणाले. हो. "तिनंच काढली. शेडच्या दारात कोळशानं काढत बसली होती, जेवणाच्या सुट्टीत. मला आवडली. मी कागदावर उतरवून घेतली. पुठ्ठे मारून घेतले."

"आणि आम्हाला सांगितलंत की तुम्ही..."

"लोकच म्हणायला लागले, मडिवाळप्पाची नक्षी. मी नाही म्हणालो नाही." त्यांनी झेरॉक्स तिच्याकडं परत सरकवली. "प्रदर्शनाला तो छापणारा माणूस आला. त्यानं विचारलं, नक्षी कुणाची? ती समोरच उभी होती, अव्वा. तिच्यासमोर मला खोटं बोलवलं नाही. तेवढं एकदाच खरं बोललो."

शिवलीलाला त्यांचा राग आला होता, पण त्या वयाच्या माणसावर तो काढायचा कसा ते कळेना. ती उठून आत गेली आणि भाकरीचं पीठ जरा जोरातच मळलं.

चन्नप्पा वकिलांनी पान बघितलं आणि टेबलावर थाप मारली. "झालं काम! नोंदणीच्या सदतीस वर्षं आधीचं. फक्त खालच्या ओळी झाकून झेरॉक्स काढ. मी मसुद्यात 'वडिलांनी तयार केलेली नक्षी' असं लिहिलंय. आपणच आपल्याला कशाला खोटं पाडायचं?"

"नक्षी कुणाची यानं केसला फरक पडतो का?"

"नाही. छापली कधी, एवढाच प्रश्न."

"मग मसुदा बदला, काका. पान पूर्ण जाऊ दे."

वकिलांनी तिच्याकडं बघितलं, खांदे उडवले आणि पेन उघडलं. प्रियदर्शनीनं अख्ख्या पानाची प्रत काढून त्यावर वाचनालयाचा शिक्का, दाखल क्रमांक आणि सही दिली. उत्तर तेराव्या दिवशी रजिस्टरनं गेलं.

पाच आठवडे काही आलं नाही. मग चार ओळींचं पत्र आलं : आमचे अशील सदर नोटीस मागे घेत आहेत. कारण लिहिलं नव्हतं. कारागिरांनी पेढे मागितले, शिवलीलानं आणले.

ती पेढ्याचा एक पुडा घेऊन वाचनालयात गेली. "मॅडम, अजून एक शोधायचंय," ती म्हणाली. "बाळाबाई लवटे."

"लवटे म्हणजे आमच्या सांगोल्याकडचे धनगर," प्रियदर्शनी म्हणाली. "आमची पण मेंढरंच. पण लवटे काय थोडे आहेत का तिकडं! गाव माहीत आहे?"

अप्पांना गावाचं नाव आठवत नव्हतं. सांगोल्याच्या पुढं, एवढंच. प्रियदर्शनीनं निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवरून तिकडच्या गावांच्या मतदारयाद्या एकामागून एक उघडून दिल्या आणि काय बघायचं ते सांगितलं : मुलगा असेल तर त्याच्या पुढं वडिलांचं नाव कोंडीबा असणार. शिवलीला दोन दुपारी पडद्यावर बोट ठेवून ओळी वाचत गेली. कोंडीबाचे मुलगे पाच निघाले. तीन तरुण होते, एक पार म्हातारा. पाचवा मल्हार कोंडीबा लवटे, वय एकोणसाठ. प्रियदर्शनीच्या वडिलांनी दोन फोन करून वस्ती कुठं ते विचारून घेतलं.

वस्ती रस्त्यापासून आत होती. मल्हार बाभळीखाली एका कोकराच्या पायातला काटा काढत बसला होता. शिवलीलानं नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं.

"मडिवाळप्पा शेठ? व्हय की! आई कांड्या भरायची तितं. मी मागं सुताच्या ढिगावर झोपायचो. तुमी तवा बारक्या होता." त्यानं कोकरू सोडून दिलं. "आई जाऊन अकरा वर्सं झाली."

शिवलीलानं कागद दिला. मल्हारला वाचता येत नव्हतं, पण त्यानं फोटो उन्हात धरून नीट बघितला.

"लोकं ह्याला चिमणी म्हणत असतील न्हवं?" तो म्हणाला. "चिमणी न्हाय ही. भोरडी हाय. कणसात दाणा भरला की झुंडीनं उतरते, रान साफ करती. आई लहानपणी गोफण घेऊन राखणीला असायची. डोकं बघा की तिचं, कसं तुरा असल्यावानी." मग त्यानं विचारलं, "नाव कुटं लिवलंय?"

शिवलीलानं बोट ठेवून दाखवलं. त्यानंही त्या अक्षरांवर बोट ठेवलं.

"तिनं आमाला कदी सांगितलं न्हाय," तो म्हणाला. "लई बोलायचीच न्हाय ती."

"अप्पांनीही सांगितलं नाही," शिवलीला म्हणाली. "चूक झाली आमची."

 मल्हारनं सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगितला आणि घोंगडं झटकून शिवलीलासाठी अंथरलं. शिवलीलानं पिशवीतली चादर काढून त्याला दिली. तिच्या कोपऱ्याला नवी पट्टी शिवलेली होती, त्यावर छापलं होतं : नक्षी, बाळाबाई लवटे. पुढच्या सगळ्या मालावर तीच पट्टी लागणार, असं तिनं सांगितलं.

"अंगावर घ्यायची का ठेवायची?" मल्हारनं विचारलं.

"घ्या की अंगावर. त्यासाठीच विणलीय."

चहा आला. उतरत्या उन्हात मेंढरं ओढ्याकडून परत यायला लागली होती. मल्हार कपबशी हातात घेऊन मेंढरं मोजायला उठला, आणि शेवटच्या बसला अजून तासभर होता म्हणून शिवलीला बसून राहिली.