न पाहिलेली मान

वॉशिंग मशीनने धुणं संपल्याची बारीक शीळ घातली आणि रविवारच्या दुपारची घरभर पसरलेली शांतता मोडली. सोफ्यावर बसल्या बसल्या ती दचकली. एवढ्याशा आवाजाला दचकायचं काही कारण नव्हतं, पण कालपासून कुठलंही यंत्र वाजलं की तिचं असंच होत होतं. मांडीवर पाय टाकून झोपलेली तिची पाच वर्षांची लेक, चिऊ, नुसती कुशीवर वळली. लेकीचे पाय हलकेच बाजूला सारून ती कपडे वाळत घालायला उठली.

सासूबाई सकाळीच आपल्या लेकीकडे गेल्या होत्या. चपला घालता घालता म्हणाल्या होत्या, "दूध उतू गेल्यावर होतो ना, तसा चेहरा झालाय तुझा कालपासून. काय सांडलंय ते एकदा पुसून टाक." सासूबाईंचं बोलणं असंच, नेम न धरता मारलेलं आणि बरोबर जागी बसणारं.

सांडलं होतं ते शुक्रवारी. रुग्णालयात ती भूल द्यायची. ऑपरेशनच्या आधी पेशंटला तपासायचं, भूल देताना कुठे अडेल ते फॉर्मवर लिहायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी टेबलापाशी जो कोणी उभा असेल तो सावध राहतो. शुक्रवारचे शेवटचे पेशंट होते घड्याळवाले काका. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेली, पित्ताशयात खडे आणि जिभेला धार. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. पाळणाघर साडेपाचला बंद व्हायचं, आणि त्या आठवड्यात दोनदा चिऊ एकटीच मागे उरली होती. दुसऱ्या वेळी पाळणाघराच्या बाई हातात कुलूप घेऊनच दारात उभ्या होत्या.

म्हणून ती खाली बघून विचारत होती आणि खाली बघूनच लिहीत होती. मानेचं जुनं दुखणं आहे, काका म्हणाले, आणि एक्स-रेचं पाकीट टेबलावर ठेवलं. तिने ते फाईलमध्ये सरकवलं. मग म्हणाली, "वर बघा."

"आयुष्यभर खाली मान घालून काम केलं, डॉक्टर. बायको म्हणायची, संसारातही तेच केलं असतंत तर चार भांडणं कमी झाली असती."

तिला हसू आलं. हसता हसता डोळ्याच्या कोपऱ्यातून काकांचा चेहरा छताकडे गेलेला दिसला, आणि 'मानेची हालचाल' या ओळीपुढे तिने बरोबरची खूण केली. सही ठोकली आणि पर्स उचलली.

शनिवारी काकांना भूल दिली ती तिच्या ज्युनिअरने. सहा महिन्यांपूर्वी लागलेली मुलगी, हाताने नेटकी, स्वभावाने भित्री. भुलीचं औषध गेलं की माणसाचा श्वास थांबतो. मग डोकं मागे कलवायचं, जीभ उचलायची आणि श्वासनलिकेत नळी सरकवायची. ज्युनिअरने फॉर्म वाचला, खूण पाहिली आणि रोजच्यासारखीच तयारी केली. पण काकांचं डोकं मागे कलेचना. डोकं, मान, खांदे, सगळा एकच ठोकळा. पुढे दिसत होती ती नुसती जीभ. दोनदा प्रयत्न झाला, दुसऱ्या खेपेला समोरच्या दाताचा टवका उडाला. तोंडावर मास्क दाबून हवा द्यावी तर तीही नीट आत जाईना. रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राचा सूर पायरी पायरीने खाली उतरायला लागला, आणि ऑपरेशन थिएटरमधले मदतनीस मामा, ज्यांना वीस वर्षांत कोणी धावताना पाहिलं नव्हतं, ते शेजारच्या थिएटरमध्ये तिला बोलवायला धावत आले.

तिने काकांच्या मानेखाली हात घातला आणि त्या हातालाच सगळं कळलं. मणके एकमेकांत जुळून गेलेले, बहुधा कित्येक वर्षांपासून. नळीचा नाद सोडून तिने घशात बसवायचा मऊ मास्क मागितला. तो बसला. छाती वर आली, उतरलेला सूर पुन्हा चढत गेला. ऑपरेशन रद्द करून तिने काकांना जागं केलं. मामांनी तिला पाण्याचा ग्लास आणून दिला आणि म्हणाले, "वाचवलंत मॅडम." तिने तो तसाच बाजूला ठेवून दिला.

विभागाच्या मोठ्या मॅडमनी उभ्या उभ्या फॉर्म वाचला. मान नॉर्मल लिहिलीय, मग नळी का गेली नाही, असं त्यांनी ज्युनिअरला सगळ्यांदेखत विचारलं, आणि सोमवारच्या बैठकीत उत्तर तयार ठेवायला सांगितलं. ती शेजारीच उभी होती. बोलायला एक वाक्य पुरलं असतं. नंतर कपडे बदलायच्या खोलीत ज्युनिअर कपाटाकडे तोंड करून रडत होती. माझ्या हातालाच हे काम येत नाही, मी सोडून देते, म्हणत होती. तेव्हा तिने त्या मुलीची पाठ थोपटली आणि म्हणाली, "होतं असं कधीकधी."

कालपासून तिला सगळ्यात जास्त लाज वाटत होती ती त्या थोपटण्याची. खूण घाईत झाली होती. पाठ मात्र तिने चांगली सावकाश थोपटली होती.

आता दोरीवर लेकीचे मोजे लावताना तिने मनाशी दहादा वाक्य जुळवलं आणि दहादा मोडलं. काकांची मान सहज फसवणारी होती, असं म्हणता आलं असतं. फॉर्मच जुना आहे, असंही. प्रत्येक वाक्यात कुठेतरी एक मऊ उशी होती, आणि ती बरोबर तिच्याच डोक्याखाली येत होती. शेवटी उरलेले कपडे तसेच बादलीत ठेवून तिने चिऊला उठवलं. नवरा कामासाठी परगावी होता, लेकीला ठेवायचं कुणाकडे? "चल, आपल्याला एका आजोबांकडे जायचंय."

वॉर्डात भेटायची वेळ संपत आली होती. काका पलंगावर पाठीला उशी लावून बसले होते. वरचा ओठ सुजलेला, दाताच्या टवक्यावरून जीभ फिरत होती. चिऊला तिने स्टुलावर बसवलं. मग काकांना उभं राहता येईल का विचारलं आणि परवा जे करायला हवं होतं ते केलं. टाचा आणि पाठ भिंतीला टेकवून त्यांना ताठ उभं केलं आणि डोकं मागे भिंतीला लावायला सांगितलं. डोकं लागेना. भिंत आणि डोकं यांच्यामध्ये तिची चार बोटं आरामात मावली.

"परवा तुम्ही वर बघा म्हणालात ना," काका जरा ओशाळून म्हणाले, "ते मी कमरेतून बघतो. पाठ मागे टाकायची, डोळे वर न्यायचे, झालं. पंधरा वर्षांची सवय. गिऱ्हाइकाला कळत नाही, घरच्यांनाही कळत नसे. मीच फसवलं तुम्हाला, डॉक्टर. त्या मुलीला उगाच त्रास झाला."

हे आयतं हातात आलं होतं. नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं.

"नाही काका," ती म्हणाली. "तुम्ही नाही फसवलं. मी बघितलंच नव्हतं. मी लिहीत होते. तुमचं एक्स-रेचं पाकीटही उघडलं नाही. न तपासता खूण केली. तुमचा दात माझ्यामुळे तुटला, आणि काल तुमचा जीवही गेला असता."

काका पलंगाच्या कडेवर बसले. शेजारच्या पलंगापाशी बसलेल्या बाईंनी सफरचंद चिरायचं थांबवलं.

"घाई होती?"

"हो." कशाची ते तिने सांगितलं नाही. स्टुलावर बसलेल्या लेकीच्या नावावर ते घालायचं नाही, एवढं तिने वाटेतच ठरवलं होतं.

"मी घाईत उघडलेलं घड्याळ कधी गिऱ्हाइकाच्या हातात दिलं नाही," काका म्हणाले. रागावून नाही, आपल्या कामाची गोष्ट सांगावी तसं. मग त्यांनी विचारलं, "त्या मुलीला सांगितलंत?"

"तुमच्यानंतर तिलाच फोन करणार आहे. मग मोठ्या मॅडमना."

"तिला आधी करायला हवा होता."

खरंच होतं ते.

मग तिने पुढचं सांगितलं, कारण तेही सांगणं भाग होतं. खडे तर काढावेच लागणार. पण आता काकांना आधी झोपवायचं नाही. ते जागे असतानाच नाकात आणि घशात बधिर करणारं औषध मारायचं आणि कॅमेरा असलेली बारीक नळी नाकातून हळूहळू खाली न्यायची. ठसका येईल, डोळ्यांत पाणी येईल, आणि तेवढा वेळ त्यांना नळी धरणाऱ्याच्या हातात स्वतःला सोपवून पडून राहावं लागेल. या रुग्णालयात ते काम तिलाच येतं. पण त्यांना नको असेल तर दुसऱ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांना बोलवता येईल. ती स्वतः फोन करेल, आणि इथे कुणाला त्याचं वाईट वाटणार नाही.

"तुम्हाला वाटेल," काका म्हणाले.

"हो. वाटेल."

"विचार करतो. उद्या सकाळी सांगतो." एवढं बोलून ते खिडकीकडे वळले. आधी खांदे, मग कंबर, मग सगळेच्या सगळे.

कॉरिडॉरमध्ये येऊन तिने ज्युनिअरला फोन लावला. काकांना सांगितलं तेच सगळं सांगितलं. मग ज्युनिअरने एवढंच विचारलं की काल कपडे बदलायच्या खोलीत होतो तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं का. ती हो म्हणाली. पलीकडून फोन ठेवला गेला. मोठ्या मॅडमनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि फाईलमध्ये आजच्या तारखेने लिहून ठेवायला सांगितलं. नर्सिंग स्टेशनच्या टेबलावर वाकून तिने लिहिलं. शुक्रवारची खूण खोडली नाही, खाली नवी ओळ लिहिली, सही केली, आणि ती सही या वेळी स्वच्छ वाचता येत होती.

चिऊ तिच्या ओढणीचं टोक धरून शेजारी उभी होती. जिन्यापाशी आल्यावर ती थांबली आणि मागे वॉर्डाच्या दाराकडे बघत राहिली.

"आई, ते आजोबा आता तुला घाबरतात का?"