एकोणीस मार्क

पाहुण्याने यावं, चहा प्यावा, खुशाल हरून जावं; पण घरची बाई चहाला उठली की लगेच आपली खुंटी सरकवावी, ही कुठल्या गावची रीत? मागच्या रविवारी दिगंबररावांची खुंटी दोन भोकं पुढे गेली होती. प्रेमलताबाईंनी विचारलं तर म्हणाले, "रस्त्यावरनं ट्राम गेली ना विहीणबाई, हादरा बसला."

आमच्या बेहाला भागातली ट्राम मोठी चतुर! बाईंची खुंटी तिने कधी ढकलली नाही.

खेळ क्रिबेज. लाकडी फळीला भोकं, त्यात खुंट्या. पत्ते जुळवून जितके मार्क होतील तितकी भोकं पुढे जायचं. एकशे एकविसाव्या भोकात आधी पोचेल तो जिंकला. बाईंची शाळा दुसरीतच सुटलेली. पण यजमान तागाच्या गिरणीतल्या गोऱ्या साहेबाकडून हा खेळ शिकून आले आणि पुढे तीस वर्षं नवरा-बायको रोज त्या फळीवर भांडली. यजमान गेले, फळी राहिली. लेकीचे सासरे दिगंबरराव फोर्ट विल्यमच्या कुणा मेजरकडून हाच खेळ उचलून आले, तेव्हापासून रविवार त्यांचा.

आजचा डाव मात्र गमतीचा नव्हता. लेकीला, स्मिताला, दुसऱ्यांदा दिवस गेले होते.

"पहिलं बाळंतपण माहेरी झालं. दुसरं सासरी, रीतच आहे," दिगंबरराव म्हणाले होते.

"रीत फळीवर ठरवू," बाईंनी सांगितलं.

स्मिताने सकाळीच आईचा पदर ओढला होता. "मामंजींना नाही कसं म्हणू? तिकडे दिवसभर माणसांचा राबता, पाठ टेकायला मिळत नाही. आई, हरू नकोस गं."

डाव शेवटाला आला. दिगंबररावांना एकोणीस हवे होते, बाईंना फक्त चार. पत्ते टाकून झाले होते, मोजणी उरली होती. बाईंच्या पत्त्यांत चार सहज निघत होते, हे दोघांनाही दिसत होतं. पण मोजायची पहिली पाळी दिगंबररावांची.

तेवढ्यात आत दूध उतू गेलं. बाई धावल्या, पण आपले पत्ते कनवटीला खोचून.

परत येतात तर दिगंबररावांची खुंटी शेवटच्या भोकात, आणि त्यांचे पत्ते गड्डीत मिसळलेले.

"मोजून टाकले हो! बरोब्बर एकोणीस भरले. नशीब म्हणायचं."

"एकोणीस?"

"अगदी! तुम्ही बघायला हवं होतं."

आत मटार सोलत बसलेली स्मिता फिसकन हसली.

कारण क्रिबेजमध्ये हातातले चार पत्ते आणि वर उघडलेला पाचवा कसेही जुळवा, अठरा होतील, वीस होतील, एकोणीस जन्मात व्हायचे नाहीत. तीस वर्षांत या घराने ते कधी पाहिले नव्हते. हातात अगदी भिकार पत्ते आले की यजमान ते आपटून म्हणायचे, "एकोणीस!" पुढे डब्यातली साखर संपली तरी स्मिता ओरडायची, "आई, साखर एकोणीस!" दिगंबररावांना मेजरकडून एवढं एक सांगायचं राहिलं होतं.

बाईंनी कनवटीचे पत्ते काढून मांडले. आठ मार्क. मग दिगंबररावांची खुंटी उपटून त्यांच्या तळहातावर ठेवली आणि त्या भोकात आपली रोवली.

दिगंबररावांनी खिडकीकडे पाहिलं.

"ट्राम नका शोधू, व्याहीबुवा, आज तिचा संप आहे," बाई म्हणाल्या. "एकोणीस देवालासुद्धा मिळत नाहीत, तुम्हाला कुठले मिळतात! खोटं मोजलं की मोजणी फुकट, हा या घरचा कायदा. लेक माझ्याकडेच राहील. तुम्ही बारशाला या, पेढे खा. फक्त किती खाल्लेत ते मी मोजीन."