खुर्चीचा पहिला नंबर

चाळीस वर्षं मी लोकांच्या दाढ्या केल्या आणि त्यांना थापा मारल्या. गळ्यावर वस्तरा असला की गिऱ्हाईक कुठलीही थाप मान न हलवता ऐकतं. माझ्या लोखंडी खुर्चीत एकदा वाघ बसला होता, हे मी गावभर सांगितलंय. बसला होता सर्कशीचा मॅनेजर. मिशा मात्र वाघाच्याच.

मुलीने दूरच्या शहरात केस कापायचं दुकान काढलं. नवी खुर्ची घेणार होती. मी म्हटलं, "खबरदार! माझीच खुर्ची बसेल तिथं. शनिवारी वेळेआधी दारात हजर!" जन्मात माझ्या एका शब्दावर विश्वास न ठेवणाऱ्या पोरीने नेमका याच्यावर ठेवला. शनिवारी दहाला दुकान उघडायचं होतं आणि पहिलं गिऱ्हाईक शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, घड्याळ बघून श्वास घेणाऱ्या.

मालवाहतुकीच्या गोदामात जाऊन मी ऐटीत अख्खा ट्रक मागितला.

"एका खुर्चीला?" कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. "काका, त्या रस्त्याने जाणाऱ्या सगळ्यांचा माल आम्ही एकाच ट्रकात भरतो. तुम्हाला चार फूट जागा रग्गड झाली."

खुर्ची खोक्यात गेली, वजन झालं, पत्ता चिकटला. बाजूला कुणाच्या गाद्या, कुणाची शिलाई मशीन, कुणाचं हत्तीएवढं कपाट. आता आमच्या धंद्यात नियम एकच: आधी येईल तो आधी मोकळा होईल. मी हमालाला खोक्यावर बसवलं आणि त्याच्या डोक्याला अशी चंपी केली की त्याचे डोळेच मिटले.

"माझी खुर्ची सगळ्यात आधी चढव."

"पण आजोबा, तुमचा थांबा तर..."

"गप! मान हलवू नकोस."

ज्याचं डोकं माझ्या हातात, त्याला बोलू द्यायची मला सवयच नाही. खुर्ची पहिली चढली.

शनिवारी पहाटे मी बसने पोचलो. दुकानात आरसा होता, बेसिन होतं, फरशीत खुर्चीसाठी पाडलेली चार भोकं होती. सव्वानऊला ट्रक आला. ड्रायव्हरने मागचं दार उघडलं. समोर कपाट! कपाटामागे गाद्या.

"खुर्ची कुठाय?"

"पार आत, केबिनला टेकून," ड्रायव्हर म्हणाला. "जो माल आधी उतरायचा, तो शेवटी चढवतात, काका. तुमचा थांबा पहिला. कुठल्या शहाण्याने ती आधी चढवायला लावली?"

बरोबर आलेल्या हमालाने माझ्याकडे बोट केलं. "मी सांगत होतो. मान हलवू नको म्हणाले."

"सगळे थांबे करून संध्याकाळी येतो," ड्रायव्हर म्हणाला, "नाहीतर आत्ता सगळं खाली काढू."

मुलगी दारात उभी होती. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. "काढा," एवढंच म्हणाली.

काढलं. तीन गाद्या मी एकट्याने उतरवल्या. म्हणजे त्या माझ्यावर उतरल्या. मी खालून धापा टाकत असताना दहाच्या ठोक्याला मुख्याध्यापिकाबाई मला वळसा घालून आत गेल्या. मुलीने घरातलं स्टूल आणून त्या चार भोकांवर ठेवलं आणि बाईंना त्यावर बसवलं. मग झटपट त्यांचे केस कापले.

"स्टूल उत्तम," बाई जाताना म्हणाल्या. "पाठ ताठ राहते."

झालं! माझ्या चाळीस वर्षांच्या खुर्चीवर एका स्टुलाने मात केली.

साडेअकराला खुर्ची जागेवर बसली. बाकीचा पसारा पुन्हा ट्रकात चढवला. मग मी रुबाबात खुर्चीकडे निघालो, तर मुलीने हात आडवा घातला.

"आधी ड्रायव्हरदादा, मग हमालदादा. दोघांना पुढं जायचंय."

"अगं, मी पहाटेपासून आलोय! सगळ्यांच्या आधी!"

"म्हणूनच, बाबा. आधी आलात ना? मग तुम्ही शेवटी."

खुर्चीत बसल्यावरही ड्रायव्हर असा हसत होता की गालावरचा फेस आरशावर उडाला.

दिवसभर मी कोपऱ्यात त्या स्टुलावर, ताठ पाठीने. गिऱ्हाइकं येत होती, माझ्याच खुर्चीत बसून जात होती. संध्याकाळी सहाला माझा नंबर लागला. मुलीने टॉवेल गुंडाळला, वस्तरा उघडला. मी आरशात तिच्याकडे बघून तोंड उघडलं, "पोरी, या खुर्चीत एकदा वाघ..."

"मान हलवू नका, बाबा."