बिनडोळ्यांचे मासे

या, जरा पुढं सरकून बसा. टाळ घटकाभर मांडीवर ठेवा. आज पुराणातली कथा नाही, नांदेडच्या हनीफ पेंटरची सांगतो. मासे धरायच्या सामानाची गोष्ट आहे म्हणून माळकऱ्यांनी नाक मुरडू नये. या कथेत एकही मासा मरत नाही.

हनीफमियांचा जन्म पाट्या रंगवण्यात गेला. लातूरला शिकवण्यांचं पेव फुटलं तेव्हा निम्म्या क्लासच्या भिंती त्यांच्याच हातच्या. ‘डॉक्टर होणारच’ ही अक्षरं लाल रंगात, पिवळी सावली देऊन, त्यांनी इतक्यांदा काढली होती की डोळे मिटूनही निघाली असती. पुढं फ्लेक्स आलं आणि ब्रश डब्यात गेले. मग देगलूरच्या गुंडप्पानं घरबसल्या काम दिलं. गुंडप्पाचं गळ-दोरीचं दुकान. त्यानं व्हिनाईल प्लास्टिकचे मऊ, बोटभर लांबीचे पांढरे मासे पहिल्यांदाच आणून दिले होते. पाठ हिरवी, पोट रुपेरी करायची, खऱ्या माशाला भूल पडेल अशी.

पण हनीफमियांचा जीव माशांत नव्हता, नातीत होता. लेकीची लेक जेबा आजोळीच वाढलेली. दोन वर्षं लातूरला क्लासला राहिली. दुसऱ्यांदाही डॉक्टरकीला नंबर लागला नाही तशी पेटी घेऊन घरी आली आणि बोलायचीच थांबली. तोंडून ‘हाव’ न्हाई की ‘न्हाई’ न्हाई. हाक मारली की ताटावर यायची, दोन घास खायची, पुन्हा खिडकीशी जाऊन बसायची. असे बावीस दिवस झाले.

सुलतानबी एकदा चहाचा कप ठेवता ठेवता नवऱ्याला म्हणाल्या, “डॉक्टर होणारच म्हणून तुम्हीच लिहून ठेवलं होतं ना भिंतीवर. आता तुम्हीच बोलतं करा तिला.”

ते वर्मी लागलं. हनीफमियां दिवसभर त्याच कपाकडं बघत बसले.

त्यांना एक उपाय माहीत होता. भूकंप झाला त्या साली ते निलंग्याकडच्या एका गावात पत्र्याच्या शेडांवर नावं रंगवायला गेले होते. तिथं शिवकांता नावाची सहा वर्षांची पोर होती. ढिगाऱ्यातून काढल्यापासून तिच्या तोंडून शब्द नव्हता. सांजेला शेजारच्या शेडात भजन व्हायचं, तिथंही नुसती टाळांकडं बघत बसायची. हनीफमियांनी उरलेल्या रंगात तिच्या दारावर एक मासा काढला, आणि घाईत डोळा राहून गेला. दुसऱ्या दिवशी पोर दाराशी उभी राहून म्हणाली, “ह्याला डोळा न्हाई.” बायका चुली सोडून धावल्या. हनीफमियांनी ब्रश तिच्या मुठीत दिला, तिच्या मुठीवर आपला हात धरला, आणि दोघांनी मिळून डोळा काढला.

तोच उपाय आता करायचा होता. त्यांनी पाटीचा ऑइल पेंट काढला, चार डझन मासे रंगवले, डोळे मुद्दाम काढायचे ठेवले, आणि जेबाच्या खिडकीखालीच वर्तमानपत्रावर मांडले. जेबानं एकदा बघितलं नि तोंड फिरवलं.

एक दिवस गेला, दोन गेले. नात बोलेना, आणि मासेही वाळेनात. उन्हात ठेवले, पंख्याखाली ठेवले, तरी बोटाला चिकटतच होते. बातम्यांची अक्षरं त्यांच्या पोटावर उमटली.

“मासे वाळायची वाट बघून राहिले का नात बोलायची?” सुलतानबींनी विचारलं.

“ह्या रंगानं पाट्या वीस वीस वर्षं टिकल्या, बेगम. रंगाचा दोष न्हाई. हात गेला माझा.”

चौथ्या दिवशी त्यांनी एक मासा उचलला, तो अंगठ्याला चिकटला. दुसऱ्या हातानं सोडवायला गेले तर त्या हाताला दुसरा. कपाळावरचा घाम मनगटानं पुसता पुसता एक दाढीत जाऊन बसला.

“नाना, तो रंग वाळणार न्हाई.”

हनीफमियांनी मान वळवली नाही. वळवली तर पाखरू उडेल असं वाटलं. दाढीतल्या माशासकट तसेच बसून म्हणाले, “का गं बेटा?”

“व्हिनाईल मूळचं कडक असतं. मऊ राहावं म्हणून त्यात तेल घालतात. ते बाहेर येऊन तुमच्या रंगात मुरून राहिलं. वर्षभर ठेवा, चिकटच राहील.”

“मग?”

“फ्लेक्सपण व्हिनाईलचंच असतं. फ्लेक्सवाल्याची शाई लावा, धरेल.”

स्वयंपाकघराच्या दारात सुलतानबी पदरानं डोळे पुसत उभ्या होत्या. तरी बोलायचं सोडलं नाही. “यासेरच्या दुकानाची पायरी चढायची न्हाई, अशी कसम हाय ना तुमची?”

यासेर म्हणजे गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स छापणारा. दहा वर्षांत हनीफमियांनी त्याचा सलाम घेतला नव्हता. त्या दिवशी दाढीतला मासा तसाच घेऊन ते त्याच्या दुकानात गेले. यासेरनं स्टूल पुढं केलं, “बसा उस्ताद” म्हणाला, आणि उरलेल्या शाईच्या चार बाटल्या पिशवीत घालून दिल्या.

शाईला वास फार, म्हणून आजा-नात गच्चीवर बसले. चिकट रंग फडक्यानं पुसून नवा लावला. घटकाभरात मासा बोटाला कोरडा लागला.

“आणि ह्यांचे डोळे कधी काढणार?” जेबा म्हणाली. “पहिल्या दिवसापासून बघून राहिले मी.”

“मग बोलली का न्हाईस?”

“तुम्ही मुद्दाम काढायचे ठेवले होते. कळत होतं मला.”

हनीफमियां ओशाळून हसले. मग त्यांनी तिला शिवकांताची हकिगत सांगितली. जेबानं विचारलं, “पुढं काय झालं तिचं?”

“ठाऊक न्हाई बेटा. शेडांची घरं झाली, मी पुन्हा तिकडं गेलो न्हाई. जायला पाहिजे होतं.”

जेबानं बारीक ब्रश घेतला, एका माशाला डोळा काढला. जरा वाकडाच आला. तो मासा तिनं बाजूला ठेवला. “हा तिचा. गुंडप्पाला द्यायचा न्हाई.”

जेबा पुढं डॉक्टर झाली का, ते मला विचारू नका. त्या दिवशी ती पोटभर जेवली, एवढं मला ठाऊक आहे. आता टाळ उचला. पण नामात रंगाल तेव्हा निलंग्याकडच्या त्या लेकराची आठवण काढा. आज ती कुठं आहे, कुणाची आई आहे, ते एका पांडुरंगाला माहीत. नाव तेवढं ध्यानात ठेवा. शिवकांता.