सून घरीच असते

माह्या पोट्ट्याले संस्कृतीची चिंता करायची नोकरी लागणार होती, अन् त्याच्यापायी मले लुगडं नेसा लागलं.

आता मी काही नव्या वळणाची बाई नाही. दिग्रसच्या शाळेत एकतीस वर्षं मास्तरकी केली. मोठ्यांसमोर पाय पसरून बसलेलं मले आजही खपत नाही, ताटात अन्न टाकलेलं खपत नाही, अन् खोटं बोललेलं तर अजिबातच नाही. खोटं बोलणाऱ्या पोट्ट्याले मी वर्गाच्या दारात उभा करत होती, मंग तो सरपंचाचा असो का सालदाराचा. म्हणून तीन वर्षांपूर्वी अमर म्हणाला का आई, मी आपल्या परंपरेच्या बाजूनं बोलायचं काम धरतो, तर मले आनंदच झाला. मले वाटलं, बोलन चार शहाणपणाच्या गोष्टी.

कायचं काय. रोज सकाळी नऊ वाजता पक्षाच्या मीडिया सेलमधून त्याच्या फोनवर विषय येते. आज कशावर चिडायचं, तो विषय. नऊपर्यंत त्याले माहीत नसते का दुनिया बुडून राह्यली, अन् दहा वाजता तो मोबाईलसमोर तिच्यासाठी गळा फाडून राह्यते. एक दिवस वाढदिवसाच्या केकवर चिडते, एक दिवस फाटक्या जीनवर. केक याले स्वतःले दोन तुकडे लागतात, ते सोडा. त्याच्या यूट्यूब चॅनलचं नाव काय, तर 'मर्यादा'. मी म्हटलं, बाबू, मर्यादेवर बोलतो तर जरा हळू बोल, बसंतीबाईचा नातू झोपला आहे शेजारी. तर म्हणे, हळू बोललं का लोक व्हिडिओ पुढं सरकवतात, आई.

पण त्याचीही बाजू सांगते. चौतीस वर्षांचा झाला, बांधलेला पगार त्यानं कधी पाह्यला नाही. सेलवाले कार्यक्रमात शाल देतात अन् फोटो काढतात. घर चालते ते निकितावर. निकिता माही सून, पुसदच्या एका बँकेत आहे. सकाळी सव्वाआठची एसटी पकडते, घरी याले सात वाजतात. तिचा परीक्षेचा फॉर्म मीच भरला होता, अन् तिचा डबाही रोज मीच भरते. दोन भाकरी, भाजी, ठेच्याचा गोळा. मले कोणी करा म्हटलं नाही. मी शाळेत जात होती तवा माही सासू मले डबा करून देत होती, म्हणून मी देते. आमच्या घरची परंपरा म्हणाल तर ही आहे.

मागच्या आठवड्यात नागपूरच्या एका चॅनलवरून अमरले फोन आला. रोजच्या चर्चेत परंपरेच्या बाजूनं बसणारा माणूस पाहिजे होता त्यायले. महिन्याचा पगार, नावाखाली 'राजकीय विश्लेषक' अशी पट्टी. सोमवारी चार वाजता चॅनलवर लाइव्ह, घरूनच एक चर्चा करून दाखवायची, जमली तर नोकरी पक्की. विषय होता, 'घरं का तुटत आहेत?' चर्चा चालवणारी उर्वशी मॅडम म्हणे, घरात आई असेल तर शेजारी बसवा, लोकांना आवडतं.

झालं. अमरनं भिंतीवरचं बँकेचं कॅलेंडर काढून पलंगाखाली लपवलं. बसंतीबाईची समई आणली, अन् तिचंच एक हिरवं लुगडं. मी म्हटलं, मी जन्मभर पाचवारीच नेसली, अन् ते तुह्या आजीले चाललं, मंग तुले काहून चालत नाही? मी जाम वैतागली होती. तो म्हणाला, "आई, एका तासाचं काम आहे. मले पायावर उभं राहू दे ना." त्याचा आवाज शाळेच्या पहिल्या दिवशी झाला होता तसा झाला. मंग काय करता, नेसली. काष्टा दर दोन मिनिटाले सुटून राह्यला होता.

चारले सुरू झालं. दुसऱ्या बाजूनं पुण्याची एक बाई होती. ती बोलली का अमर बोले, अमर बोलला का ती बोले, अन् दोघं संगच बोलले का उर्वशी मॅडम खूश. अमरनं सांगतलं, बाया बाहेर पडल्या अन् घरच्या चुली थंड झाल्या. मी मनात म्हटलं, आपल्या घरी गॅस आहे बापा, अन् सिलिंडर तुही बायको भरते.

तेवढ्यात पुण्याची बाई म्हणाली, "यांच्या स्वतःच्या घरी काय चालतं ते विचारा ना. आई समोरच बसल्यात."

उर्वशी मॅडमनं लगेच मले धरलं. "आई, तुम्हीच सांगा. सूनबाई नोकरी करतात?"

अमरनं माह्याकडं पाह्यलं नाही. टेबलाखाली त्याचा पाय तेवढा हलून राह्यला होता. फळ्यापाशी बोलावलं का पोरायचे पाय असेच हलतात, मी एकतीस वर्षं पाह्यले.

"नाही," मी म्हटलं. "सून घरीच असते. मले गरम भाकर करून वाढते."

भाकरीचं तर कोणी विचारलंही नव्हतं. पण जमलं. मोठं सफाईनं जमलं, अन् त्याचीच मले जास्त लाज वाटली.

निकिता सात वाजता आली. पर्स खुंटीले लावली अन् म्हणाली, "आई, बँकेतल्या उकंडा शिपायानं मोबाईलवर दाखवलं मले. विचारत होता, मॅडम, तुमी नोकरी सोडून राह्यल्या का?"

अमर म्हणाला, "अवं, ते टीव्हीपुरतं आहे. तिथं सगळेच बोलतात. मॅडम म्हणाल्या, उद्या अकराले फोन करते. बहुतेक पक्कं झालं."

"चांगलं झालं," ती म्हणाली, अन् भाजी चिराले बसली. भांडली असती तर मले सोपं गेलं असतं.

मंगळवारी मी उठली तर ओट्यापाशी निकिता. परातीत पीठ, तव्यावर भाकर. आठ वाजून गेले तरी तिचं आवरायचं नाव नाही.

"अवं, गाडी जाईन तुही."

"जाऊ द्या. तुम्ही बसा."

तिनं पाट मांडला, ताट ठेवलं, तव्यावरची भाकर ताटात टाकली. "सहा वर्षं झाली लग्नाले," ती म्हणाली, "तुम्हाले खोटं बोलताना मी पाह्यलं नाही. आता एवढ्या लोकांसमोर बोलून बसल्या, तर मी खरं करून टाकते. बँकेत कळवते आज."

टोमणा मारला असता तर मी दोन मारले असते. पण ती टोमणा मारत नव्हती, हेच माह्या जिवाले लागलं.

मी उठली. तीच भाकर तिच्या डब्यात घातली, वरून ठेचा ठेवला, अन् अमरले हाक मारली. तो दात घासत होता.

"इले पुसदले सोडून ये."

"आत्ता? आई, नऊले विषय येते. अकराले चॅनलचा फोन आहे. माहं करिअर..."

"आजचा विषय हाच आहे. अमर भगवानराव, गाडी काढ."

हजेरीच्या आवाजात पूर्ण नाव घेतलं का तो आजही ऐकते. तोंड न धुताच त्यानं मोटरसायकल काढली. घाईत त्याचा मोबाईल कालच्या स्टँडवरच राह्यला.

अकराचा फोन दहालेच आला. वाजू दिला असता तरी चाललं असतं. मी घेतला.

"नमस्कार आई," उर्वशी मॅडम म्हणाली. "अमरजींना द्या ना, त्यांच्या नोकरीची ऑर्डर पाठवतेय. काल तुम्ही कमाल केलीत. ते गरम भाकरीचं सगळ्यांना फार आवडलं."

"तो घरी नाही. बायकोले बँकेत सोडाले गेला."

"बँकेत? काही काम होतं का सूनबाईंचं?"

हो म्हटलं असतं तर भागत होतं. बँकेत काम कोणालेही असते, त्यात खोटंही फार नव्हतं. मले टेबलाखालचा तो पाय आठवला. त्याच्या नावाखालची ती पट्टीही आठवली, अजून लागलीही नव्हती.

"तिची नोकरी आहे तिथं," मी म्हटलं. "काल मी खोटं बोलली. भाकर मीच करते, अन् तिचा डबा मी भरते."

पलीकडून फोन बंद झाला. मी पलंगाखालचं कॅलेंडर काढून खिळ्याले अडकवलं, अन् दारात जाऊन उभी राह्यली. अमरले याले अजून वेळ होता. बसंतीबाईनं अंगणातून विचारलं, लीलाबाई, उन्हात काहून उभ्या? मी म्हटलं, असू दे, मले उभंच राहायचं आहे.