घोडी उठली

फोनवरची बाई रडत होती आणि मालक हसत होता. रिसीव्हरवर हात ठेवून त्याने मुद्रितशोधकाला खुणेनं बोलावलं. ऐका, तुम्हीही ऐका. बाई सांगत होती की ती दवाखान्यात नवऱ्याच्या उशाशी बसून कादंबरी वाचत होती, आणि घोडी उठली तेव्हा ती एवढ्या मोठ्याने ओरडली की नर्स धावत आली. नवऱ्याचं पुढे काय झालं ते ती बोलली नाही. घोडी उठली हो, घोडी उठली, एवढंच पुन्हापुन्हा.

मुद्रितशोधकाने रिसीव्हर परत दिला आणि तो आपल्या टेबलाशी गेला. उंच, मानेपासून पुढे वाकलेला माणूस. छापखान्यात सगळे त्याला रफार म्हणत. अक्षराच्या डोक्यावर वाकून बसलेला म्हणून रफार. तोंडावर रफारकाका. त्याची हरकत नव्हती. ऱ्हस्व वेलांटी म्हणण्यापेक्षा बरं, असं तो म्हणे.

त्याने कपाटातून पुस्तक काढलं आणि ते पान उघडलं.

‘उजाडताना त्याने तिला हाक मारली. घोडी उठली.’

यातला शेवटचा पूर्णविराम रफारचा होता.

*

हस्तलिखितात वाक्य होतं: घोडी उठली नाही.

पानं लावताना शेवटचा शब्द एकटाच पुढच्या पानावर जाऊन पडला. एका शब्दासाठी अख्खं पान कोरं राहतंय म्हणून ऑपरेटरने तो वर ओढायला घेतला असणार, आणि ओढाताणीत तो गळाला. अखेरच्या प्रुफात ओळ आली ती ‘घोडी उठली’ एवढीच. पुढे मोकळी जागा. रफारची नजर तिथे बरोबर थांबली. काहीतरी राहिलंय हे त्याला कळलं. पूर्णविराम राहिलाय, असं त्याला वाटलं. त्याने समासात खूण केली आणि तो घालून दिला.

हे काम त्याने दवाखान्याच्या व्हरांड्यात, मांडीवर गठ्ठा घेऊन केलं होतं. थोड्याच वेळापूर्वी डॉक्टरांनी त्याला बाजूला घेतलं होतं. बायको कापडाच्या दुकानात शिडीवरून पडली होती, वरच्या फळीवरचा तागा काढताना. मणक्याला मार होता. हात चालतील, बसता येईल, पण पायांवर उभं राहणं आता विसरा, असं डॉक्टर म्हणाले. तुम्हीच सांगा त्यांना, तुमच्याकडून कळलेलं बरं.

त्याने गठ्ठा बांधला, कॉटपाशी गेला आणि डॉक्टर जे बोलले ते तिला सांगितलं

नाही.

*

कादंबरी तशी साधी होती. मोडलेल्या लग्नातून बाहेर पडून आलेली एक बाई, जनावरांवर उपचार करणारा एक अबोल माणूस, आणि पाय मोडलेली तांबडी घोडी. घोडीला बरं करता करता ती दोघं बरी होतात. मालकाला वाटलं होतं, वाचनालयं घेतील, बाकी गठ्ठे गोदामात पडतील. पण पुस्तक धावू लागलं. एकाने दुसऱ्याला द्यायचं आणि द्यायच्या आधीच सांगून टाकायचं, घाबरू नकोस, घोडी उठते.

एका निवृत्त पशुवैद्याचं पत्र आलं. असा पाय मोडलेली घोडी उठत नसते, हे मी नोकरीभर लोकांच्या तोंडावर सांगत आलो. तुमची उठली. आभारी आहे.

कॉलेजातल्या एका मुलीने कळवलं, पुढची दोन प्रकरणं मी वाचलीच नाहीत. घोडी उठली तिथे माझं पुस्तक संपलं.

एक गृहस्थ चिडले होते. घोडीला इतके महिने तेल चोळणारा माणूस त्या बाईचा हात धरायला दीडशे पानं लावतो, हे काही खरं वाटत नाही. पण घोडीचं वाटतं.

आणि कुणीतरी, सही न करता: तो खोगीर शेजाऱ्याला देऊन टाकतो तिथे मी फार रडले. उठलेल्या घोडीच्या पाठीवर पुन्हा ओझं नको! असं प्रेम आजकाल कोण करतं?

खोगीर देऊन टाकणं, तबेल्याचं दार उघडंच ठेवणं, दोघांनी मिळून जुनं गवत झाडून काढणं. घोडी मेल्याच्या सगळ्या खुणा पुढच्या प्रकरणात जागच्या जागी होत्या. पण एकानेही विचारलं नाही की मग घोडी गेली कुठे. ज्याने त्याने आपल्यापुरती तिला जागा करून दिली होती. कुणी कुरणात सोडली, कुणी डोंगरापल्याड पाठवली.

रफारने ही सगळी पत्रं वाचली. पहिलं वाचलं तेव्हाच चूक त्याच्या लक्षात आली होती. मालकाला तेव्हाच सांगायला हवं होतं.

*

घरी ते पुस्तक त्यानेच नेलं होतं, चूक कळण्याआधी. बायकोला प्रेमकथांचं वावडं. इतकी वर्षं गिऱ्हाइकांपुढे उभं राहून कापड मोजणाऱ्या बाईला बसून वाचायची सवय कुठली असणार? दुकानात बसायला स्टूलसुद्धा नसायचं. आता भरपाई चाललीय, असं ती शेजारणींना सांगायची आणि शेजारणींना हसावं की काय ते कळायचं नाही.

आधी ती कुरकुरत वाचत होती.

“हा बाबा घोडीशी जेवढं बोलतो ना, तेवढं तुम्ही लग्न झाल्यापासून माझ्याशी बोलला नाहीत.”

“घोडी लाथा झाडत नाही म्हणून,” तो सवयीने म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याची नजर तिच्या पायांवर गेली.

ती म्हणाली, “आता मीही नाही झाडत. बोला.”

तिला घोडी उठते त्या पानापर्यंत यायला बरेच दिवस लागले. त्या दिवशी तो घरी आला तेव्हा ती पुस्तक पोटावर उपडं टाकून छताकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलीला तिने थांबवून घेतलं आणि आणखी काय काय करता येईल ते विचारलं. उशा मागवल्या. कॉटच्या कडेला धरायला दोरी बांधून घेतली. खांदे भरून येईपर्यंत ती दोरी ओढायची, घामाने निथळायची, आणि रफार समोर आला की त्याला हाकलायची. घोडीला कुणी बघत असलं की उठायला लाज वाटते, असं पुस्तकात होतं.

खोगिराबद्दल तिचं मत सही न केलेल्या पत्रासारखंच होतं. आता लगाम नाही, ओझं नाही, तिच्या मनाला येईल तिथे जाईल ती, असं ती म्हणाली. त्याने मान हलवली.

एका दुपारी शेजारणीचा फोन आला म्हणून तो धावत घरी गेला. बायको कॉटखाली पडली होती. कोपर सोलवटलं होतं, एक पाय अंगाखाली विचित्र दुमडला होता आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. ती हसत होती.

“अर्धी उठले होते. ही कॉटच सरकली मेली.”

त्याने आणि शेजारणीने मिळून तिला वर घेतलं. संध्याकाळी व्यायामवाली मुलगी आली. तिने पाय तपासला, पट्टी बांधली, आणि निघताना जिन्यात थांबून रफारला म्हणाली की काका, असं चालायचं नाही. हाडं ठिसूळ होत जातात. पुढच्या वेळी मोडलं तर त्यांना कळणारही नाही, दुखणारही नाही. मी सांगू का? नाहीतर तुम्ही सांगा. पण सांगा.

तो आत गेला. ती दोरीची गाठ तपासत होती. त्याने तिच्या शेजारी बसून सांगितलं

नाही.

*

दुसऱ्याच दिवशी लेखिकाबाई छापखान्यात आल्या. म्हाताऱ्या, किडकिडीत. दुसऱ्या आवृत्तीची पानं मालकाच्या टेबलावर होती. त्यांनी चष्मा लावला आणि ते पान मालकापुढे सरकवलं. छापलेलं पुस्तक त्यांनी उघडलंच नव्हतं, लिहून झालेलं आपण परत वाचत नाही म्हणाल्या. पण लोक अभिनंदन करू लागले तेव्हा उघडावं लागलं.

मालकाने पान वाचलं. मग हस्तलिखित वाचलं. मग त्याच्या चेहऱ्यावर पुस्तकाचा खप दिसू लागला. तो हात जोडून म्हणाला, बाई, झालं ते बरंच झालं म्हणायचं. लोकांना ती जिवंत हवी आहे. राहू द्या. तुमचं काय जातं?

“माझं जायचं ते गेलंय,” बाई म्हणाल्या.

मग त्या रफारकडे वळल्या. चूक कुणाची, हे त्यांनी विचारलं नाही. त्याच्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असावं.

“ती माझी घोडी होती हो. तिच्या मानेखाली माझाच हात होता. आता रोज कुणीतरी माझं अभिनंदन करतं, आणि दर वेळी ती माझ्यासमोर परत मरते.” त्यांनी पानावर बोट ठेवलं. “आणि ही दोघं तबेला झाडतात, त्याचं काय? घोडी उठली तर ते पान कशाला? नुसती साफसफाई?”

मालक काहीतरी बोलायला गेला. बाई म्हणाल्या, नाहीतर पुस्तक परत घेते. मालकाने हात झटकले. टाका काका, टाका तुमचं ते ‘नाही’.

रफारने पेन उघडलं. घरची प्रत घरीच राहणार होती, हे त्याच्या मनात आलं. पुढच्या सगळ्या प्रतींमधल्या घोड्या पडतील आणि त्याच्या घरातली तेवढी उभी राहील. कुणाला कळायचंही नाही. पेनची निब कागदाला टेकली होती आणि तिथे शाईचा ठिपका मोठा होत चालला होता. बाईंनी घाई केली नाही.

त्याने आपला पूर्णविराम खोडला आणि शब्द लिहिला. मग मालकाला सांगून निघाला. भर दुपारचा, कधी नव्हे ते.

*

ती खिडकीशी चाकांच्या खुर्चीत बसली होती. एवढ्या लवकर कसे, असं तिने विचारलं. तो चपला न काढताच तिच्यासमोर बसला.

“त्या पुस्तकात एक चूक राहिलीय. माझ्या हातून.”

“तुमच्या?” तिला मजा वाटली. आयुष्यभर तो दुकानांच्या पाट्यांवरच्या चुका वाचत आणि हळहळत चालला होता. “कुठली?”

“घोडी.” तो थांबला. “त्या वाक्यात पुढे आणखी एक शब्द होता.”

तिला कळायला वेळ लागला नाही. तिने खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादरी झटकत होतं. ती बाई दोन्ही चादरी झटकून, घड्या घालून आत गेली, तोवर दोघंही तिकडेच बघत होते.

“म्हणजे तो खोगीर देऊन टाकतो ते...”

“हो.”

“आणि ते तबेला झाडतात.”

“हो.”

तिने दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले आणि दाबले, दुसऱ्या कुणाचे गुडघे असावेत तसे. खाली बघत तिने विचारलं, “आणि मी?”

वाटेत त्याने पुष्कळ वाक्यं जुळवली होती. डॉक्टरांची, व्यायामवालीची, निरनिराळ्या सुरुवातींची. त्यातलं एकही पुरं झालं नाही. त्यातला शेवटचा शब्द तेवढा त्याने म्हटला.

सांगितलं.

तिने विचारलं, कधीपासून माहीत होतं. त्याने तेही सांगितलं. मग ती म्हणाली, “मला दोरी ओढताना बघत होतात.” हा प्रश्न नव्हता. ती म्हणाली, जा, जरा बाहेर जा. तो जिन्यात जाऊन बसला. आतून आवाज आला नाही. रडल्याचा नाही, कसलाच नाही, आणि तो न आलेला आवाज ऐकत तो दिवेलागणीपर्यंत तिथेच बसून राहिला.

*

नंतर काही दिवस ती त्याच्याशी कामापुरतं बोलत होती. पाणी. उशी. पंखा. व्यायाम मात्र तिने सोडला नाही. पूर्वीपेक्षा कमी, मुलगी सांगेल तेवढाच. दोरी तिने स्वतः सोडली आणि गुंडाळून ठेवली.

छापखान्यात दुसरी आवृत्ती बाहेर पडली. फोन येतच राहिले. एक जण म्हणाला की प्रत सदोष आहे, एक शब्द जास्त छापलाय, बदलून द्या. मालकाने तो फोन रफारकडे दिला. रफारने सगळं ऐकून घेतलं आणि शब्द बरोबर आहे एवढंच सांगितलं. 

रविवारी सकाळी ती चहा पिता पिता म्हणाली, “तो आरसा खाली घ्या.”

मोरीजवळच्या भिंतीवर आरसा होता, घरात राहायला आले तेव्हा दोघांच्या उंचीचा मध्य काढून लावलेला. त्यात तो कपाळापर्यंत दिसायचा आणि ती गळ्यापासून वर.

“खुर्चीतून त्यात मला नुसता पंखा दिसतो,” ती म्हणाली.

त्याने पेचकस शोधला. जुने स्क्रू गंजले होते, निघता निघेनात. एक निघाला तेव्हा चुन्याचा पोपडाही सुटून आला. ती चाकं ढकलत मोरीशी आली आणि सूचना करू लागली. आणखी खाली. आणखी. आता डावीकडे. अहो, डावीकडे म्हटलं की तुम्ही नेहमी उजवीकडे का जाता? आयुष्यभर कापडाचा काठ सरळ धरलेल्या बाईपुढे तिरपा आरसा खपणार नव्हता. त्याने तीनदा काढून तीनदा लावला. वरच्या भिंतीवर फिकट चौकोन राहिला आणि दोन भोकं.

ती पुढे झाली. आरशात स्वतःला तिने बराच वेळ पाहिलं. मग केस सोडले, विंचरले आणि पुन्हा घट्ट बांधले. हात अजून छान चालत होते.

सोमवारी कामावर जायच्या आधी तो दाढी करायला उभा राहिला आणि समोर नुसती भिंत दिसली. त्याने वाकून पाहिलं, गुडघे दुमडून पाहिलं. शेवटी पाण्याचा मग घेऊन तो खालीच बसला, फरशीवर मांडी घालून. ती शेजारी खुर्चीत, तोंडात पीन धरून, वेणी घालत होती. तिने चाक थोडं मागे घेतलं आणि त्याला आरशात जागा करून दिली.